हजेरी पॅकिंगला, नोकरी रिंगेखाली

सांगलीच्या एका बिस्किट कारखान्यात माझी हजेरी पॅकिंग खात्यात लागायची. प्रत्यक्षात मला ठेवलं होतं ते बास्केटबॉल खेळायला. हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांनी विचारलं, "म्हणजे शाळेत खेळत होतात?" शाळेत नव्हे. नोकरी म्हणून खेळत होते. कबड्डीवाला बँकेत लागतो, कुस्तीवाला पोलिसात लागतो, हे लोकांना ठाऊक असतं. बाईमाणूसही अशी लागत असेल हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सत्तरच्या दशकात आमच्यासारख्या होत्या, पण इतक्या थोड्या, की कुठल्याही स्पर्धेला गेलं तरी समोरच्या संघात एखादी तरी गेल्या वर्षी आपल्याच बाजूनं खेळलेली निघायची.

माझं गाव विट्याच्या पुढं. वडील फौजेत हवालदार होते. हा खेळ ते पलटणीत शिकले आणि पेन्शनवर आले तेव्हा ट्रंकेतून एक चेंडू घेऊन आले. गावात त्यांच्याबरोबर खेळणार कोण? त्यांनी एका जुन्या घमेल्याचा तळ छिन्नीनं काढला आणि ते कडं परड्यातल्या लिंबाला बांधलं. थोरला भाऊ दोन-चार दिवस खेळून कंटाळला. मी कंटाळले नाही. आणि मी वाढतच गेले. पाच फूट अकरा इंचांवर थांबले, तोवर आईनं माझ्याकडे वर बघायचं सोडून दिलं होतं.

मला बघायला एकदाच पाहुणे आले. मुलगा तलाठी होता. त्याचे मामा म्हणाले, "पोरीला जरा हुबी करा." मी उभी राहिले. मुलगा मात्र बसूनच राहिला, तो मी आत जाईपर्यंत उठलाच नाही. पाहुणे गेल्यावर वडील बराच वेळ परड्यात होते. आत येऊन एवढंच म्हणाले, "झाडाला घमेलं म्या बांधलं, शालन. तुझा दोष न्हाई."

पुढं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या आणि त्यातल्याच एकीत वहिनींनी मला पाहिलं. वहिनी म्हणजे बिस्किट कारखान्याच्या मालकांच्या सूनबाई. लग्नाआधी त्या पुण्याला कॉलेजच्या संघातून खेळायच्या. सासरी आल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या मागे लागून कारखान्याचा मुलींचा संघ काढला होता. मला म्हणाल्या, "उद्यापासून ये. काम पॅकिंगचं, पण खरं काम चारनंतर."

कारखान्यामागं मुरमाचं मैदान होतं. भट्टीचा वारा तिकडंच यायचा, त्यामुळं दिवसभर भाजक्या पिठाचा आणि साखरेचा वास नाकात. आजही कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की माझ्या पोटऱ्या ताठ होतात.

या खेळात पाचजणी असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. माझं काम रिंगेखाली, रिंगेकडे पाठ करून उभं राहायचं. चेंडू आला की वळून टाकायचा, आला नाही तर धक्के खात उभं राहायचं. उंच माणसाला दुसरं काही देत नाहीत. चेंडू माझ्याकडे आणायची ती विजया. मिरजेची, माझ्या खांद्याच्याही खाली लागणारी, तोंडानं फटकळ. तिची आई कानडी बोलायची, बाप मराठी, आणि मैदानावर तिला राग आला की दोन्ही भाषा एकदम यायच्या. कारखान्याच्या मागच्या चाळीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. रात्री दिवा मालवल्यावर ती अंधारात विचारायची, "शालन, झोपली काय गं?" मी हो म्हणायची. मग ती तासभर बोलायची.

आमच्या संघाला हरवणारे संघ थोडे होते. आम्हाला खरं हरवलं लग्नसराईनं. दर उन्हाळ्यात एक-दोघीजणी जायच्या. आधी ती मुलगी चार दिवस सरावाला यायची नाही, मग हळदीच्या हातानं पेढे घेऊन यायची आणि बूट परत करायची. बूट कारखान्याचे असायचे. वहिनी पेढा घ्यायच्या, तोंड भरून आशीर्वाद द्यायच्या आणि ती गेली की म्हणायच्या, "गेली माझी डावी बाजू." आम्ही वर्गणी काढून स्टीलचा डबा द्यायचो. नवीन मुलगी मिळायची ती कच्ची, आणि पक्की झाली की तिलाही स्थळ यायचं. लग्नानंतर खेळू द्या असं कुणीतरी विचारून पाहिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. एकीनं विचारलं होतं. तिच्या सासऱ्यांनी तिला सांगितलं, "सून माझी हाय, कारखान्याची न्हाई." ती परत येईल म्हणून तिचे बूट माझ्या ट्रंकेत होते बरेच दिवस.

मला स्थळ येत नव्हतं, म्हणून मी संघात सगळ्यांत जुनी झाले आणि म्हणून कॅप्टन. आसपासचे संघ मला उसनी न्यायचे. कधी कोल्हापूर, कधी कऱ्हाड. अनोळखी मुलींच्या मधे बसून एसटीनं जायचं, त्यांची नावं मॅचपुरती पाठ करायची, आणि परतीच्या गाडीत त्या आपसात गाणी म्हणत असताना खिडकीकडे तोंड करून बसायचं. त्या वाईट नव्हत्या. पण मी त्यांची नव्हते, एवढंच.

मग वहिनीच जायला निघाल्या. त्यांच्या यजमानांनी मुंबईला वेगळा धंदा काढला. जायच्या आधी त्यांनी मला घरी बोलावलं. बांधाबांध चालली होती. मला म्हणाल्या, "मामंजींना संघ आवडत नाही, तुला माहीत आहे. मी त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलंय. मदुराईच्या स्पर्धेत फायनलला पोचलात तर संघ राहील. नाही पोचलात तर मला त्यांना काही बोलता यायचं नाही."

"फायनल खेळायची का जिंकायची?" मी विचारलं.

"पोचायचं फक्त," त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांचा हात खांद्यापर्यंत पोचला असता, पण हात वर करून माझी उंची दाखवून द्यायची, तसं त्या कधी करत नसत. तेवढं त्यांना कळत होतं.

त्या वर्षी आम्ही सहाजणी उरलो होतो. मिरजेहून बंगळूर, तिथून पुढं मदुराई. गाडीतच एकीला ताप भरला. म्हणजे पाच. बाकावर बदली म्हणून कुणी नाही.

मैदान बाजाराला लागून होतं आणि कडेला नुसतं तारेचं कुंपण. पहिल्या मॅचला विजया भलतीकडंच चेंडू टाकायला लागली तेव्हा मी ओरडले, "आगं इकडं टाक की! कवाधरनं हुबी हाय मी!" कुंपणाबाहेर एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थबकली. मॅच संपेपर्यंत ती तिथंच तार धरून उभी होती. आम्ही जिंकलो. मी बाहेर आले तर तिनं माझं मनगट पकडलं.

"कुठल्या तुमी?"

"सांगलीच्या. गाव विट्याकडं."

"आगं बया," ती म्हणाली, आणि मनगट आणखी घट्ट धरलं. मग म्हणाली, "बोला की. कायबी बोला. आयकू द्या."

तिचं नाव अनुसयाबाई. नवऱ्याचं गलाईचं दुकान होतं. आमच्या भागातले कितीतरी लोक या धंद्यात आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, आणि त्यासाठी हिंदुस्थानच्या कुठल्याही गावात जाऊन राहायचं. खाली भट्टी आणि तेजाबाचा वास, वर एक खोली. त्या खोलीत अनुसयाबाई लग्न झाल्यापासून होत्या. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्यांना. नवरा भट्टीवरून वर यायचा तो दमून. त्या मला सांगत होत्या, "भाजीवालीला बोटं दावायची, वाण्याला बोटं दावायची. एकदा वाटलं, मी मुकीच हाय काय की."

संध्याकाळी त्यांनी मला आणि विजयाला घरी नेलं. नवरा जिना चढून आला, गाव विचारलं, कुणाच्या शेजारी घर ते विचारलं आणि मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून माणूस कुठल्या वस्तीतला हे आमच्याकडं लगेच कळतं. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे हे त्याला आता कळलं होतं. तो दारातच थांबला. विजयानं माझ्याकडे पाहिलं. तोवर अनुसयाबाईंनी परातीतून मान वर न करता म्हटलं, "आवं, वाटंतनं सरका. पोरींना वाढू द्या." तो सरकला. ज्वारीचं पीठ तिनं माहेरहून येताना आणलेलं, सणासाठी राखून ठेवलेलं. त्या भाकरी तिनं आम्हाला घातल्या. आम्ही जेवत असताना ती समोर बसून फक्त आमच्या तोंडांकडं बघत होती आणि मधेच म्हणायची, "म्हणा की अजून कायतरी."

दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. समोर तिथल्याच एका गिरणीचा संघ. अर्ध्या वेळेला आम्ही पुढं होतो. पण पाचच्या पाचजणी सगळा वेळ पळत होतो आणि दमलेलं माणूस पायांनी अडवायच्या ऐवजी हातांनी अडवतं. हातानं अडवलं की फाउल. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तिनं बाहेर जायचं, आणि बदली नसेल तर तिची जागा रिकामीच राहते. आमची एक गेली. मग दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा ती रडतच गेली. आघाडी संपली, त्यांनी गाठलं आणि पुढं निघाले.

मैदानात मी आणि विजया. पंच माझ्याकडे आले. इंग्रजीत आणि खुणांनी त्यांनी विचारलं, खेळायचं की थांबायचं? लोकांना हे खोटं वाटतं, पण नियम असाच आहे. दोघीजणी असल्या तरी मॅच चालू राहते. एक राहिली तर थांबवतात. चेंडू रेषेबाहेरून आत द्यायला एक लागते आणि घ्यायला एक लागते. एकटीनं ते होत नाही.

मी विजयाला म्हणाले, "काय करूया?"

"मला काय विचारतीस?" तिनं पदरानं तोंड पुसावं तसं बनियनच्या कडेनं तोंड पुसलं. "हुबी ऱ्हा तुझ्या जागेवर."

माझे चार फाउल झालेले. आणखी एक झाला की विजया एकटी आणि खेळ खलास. म्हणून मला कुणालाही हात लावता येत नव्हता. मी रिंगेखाली दोन्ही हात वर करून उभी राहिले. त्या माझ्या डावीकडून जायच्या, उजवीकडून जायच्या, त्यांचा घाम माझ्या दंडाला लागायचा, आणि मी नुसती उभी. इतकी माणसं अंगाला घासून गेली आणि मी कुणाला धरायचं नाही, असं मला पुन्हा कधी करावं लागलं नाही. निदान मैदानात तरी.

कुंपणाबाहेरून एक आवाज येत होता. "हाण गं शालन! सोडू नगंस!" सगळं मैदान त्यांच्या भाषेत गर्जत होतं आणि त्यात तो एक आवाज.

शेवटी शेवटी त्यांची कॅप्टन आपल्या मुलींना काहीतरी बोलली. त्यांनी चेंडू टाकायचा थांबवला. आपसातच फिरवत राहिल्या. त्यांना आमची कीव आली होती. मला ते बरं वाटलं, खरं सांगते. श्वास घ्यायला मिळत होता. पण विजया खवळली. "खेळा की! भीक घालताय व्हय?" ती मराठीत ओरडली, मग कानडीत ओरडली. त्या मुली हसल्या, त्यांना काहीच कळलं नाही. तेवढ्यात विजयानं झेप घेऊन मधला चेंडू काढून घेतला आणि मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला फेकला. मी आधीच पळत सुटले होते. रिंगेखाली कुणी नव्हतं. मी टाकला, तो पडला. शिट्टी झाली.

हरलो. बऱ्याच फरकानं हरलो. पण शेवटची बास्केट आमची.

अनुसयाबाई डबा घेऊन आत आल्या. त्यांचा आवाज बसला होता. मला मिठी मारली ती माझ्या पोटाशी आली. "जिकला न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वो. हरलो."

"आसं कसं? तीन जणींना घालवलं, तुमी दोघी शेवटापतुर टिकला. मग जिकलं कोन?"

विजयाला हसू फुटलं. मलाही फुटलं. बाकीच्या तिघी रडत होत्या आणि आम्ही दोघी मातीत बसून हसत होतो, पोट दुखेपर्यंत. मग हसता हसता विजया एकदम थांबली आणि म्हणाली, "आता आपल्याला काय बिस्किटंच भरायची काय गं?"

तीही फार दिवस भरली नाहीत. मालकांनी शब्द पाळला. मैदानावर टेम्पो उभे राहायला लागले, रिंगेचे खांब कुणीतरी नेले. विजयाचं लग्न ठरलं जतकडच्या एका खेड्यात. घरात कानडी बोलणारी माणसं, मेंढरं, पावसावरची ज्वारी. पत्रिका द्यायला आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "शालन, लग्नात खेळाचं बोलू नकोस हं. त्यांना म्हाईत न्हाई. आखूड चड्ड्या घालून गावोगाव खेळत हुतो म्हटलं तर..." मी म्हटलं, "नाही बोलणार." लग्नात मी मागे बसले. उंच माणसानं मागे बसलेलं बरं असतं.

खोलीत मी एकटी राहिले. दिवा मालवल्यावर कुणी विचारत नव्हतं.

पुढं मला साताऱ्याच्या एका कारखान्यानं घेतलं. हजेरी आता स्टोअर्सला. तिथं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान मुली होत्या आणि त्या मला "बाई" म्हणायच्या. चेंडू माझ्याकडे यायचा तो आदरानं यायचा, म्हणजे उशिरा. एका सरावाला उडी मारून खाली येताना गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. महिनाभर पाय बांधून खोलीत पडून होते. बरा झाला तोवर त्या मुलींतल्या तिघींची लग्नं झाली होती आणि साहेबांनी ठरवलं होतं की आता क्रिकेटचा संघ काढावा. मला कुणी काढलं नाही, कुणी काही म्हटलंही नाही. चार वाजले की मी उठायची, आणि मग आठवायचं की आता उठायचं कारण नाही. मी परत बसायची. शेजारच्या टेबलावरचे कारकून विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायची, "पाय आखडला."

त्याच सुमाराला एका शनिवारी मी काही न कळवता विजयाकडे गेले. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून जत, तिथून एका ट्रकमधून. टँकर नुकताच येऊन गेला होता, बायका घागरी घेऊन परतत होत्या. विजयाच्या डोक्यावर दोन, कडेवर मूल. मला लांबूनच ओळखलं. मला लांबून सगळेच ओळखतात. पण तिनं हाक मारली नाही, जागेवरच उभी राहिली.

घरात सासूबाई होत्या. विजया त्यांना कानडीत काहीतरी म्हणाली आणि मला हळूच सांगितलं, "पॅकिंगला बरुबर हुती म्हटलंय." सासूबाईंनी माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं. त्या मायाळू होत्या. ताक दिलं, गूळ दिला. आम्ही दोघी बोललो ते पाण्याबद्दल, मुलाच्या दातांबद्दल, मेंढरांच्या भावाबद्दल. एकदा तिनं विचारलं, "गुडघा कसा हाय?" मी म्हटलं, "बरा आहे." तिला गुडघ्याचं कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. बहुतेक माझ्या चालण्यावरून कळलं असेल.

ऊन उतरायला लागलं तसं ती म्हणाली, "ऱ्हा की आजच्या दिस."

राहावं असं फार वाटलं. पण राहिले असते तर अंधारात तिनं विचारलं असतं आणि मग मला सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं, "नाही गं. उद्या मॅच आहे."

तिचा चेहरा एकदम उजळला. "आजून खेळतीस? व्हय?"

"मग."

"कवा हाय?"

"चारला. साताऱ्यातच."

सासूबाईंनी कानडीत काहीतरी विचारलं. ही इतक्या लांबून येऊन लगेच का निघाली, असं असावं. विजया उत्तर द्यायला लागली. आधी दोन शब्द बोलली आणि थांबली. मग पुन्हा बोलायला लागली, आणि बोलतच गेली. कडेवरचं मूल खाली ठेवलं. दोन्ही हात वर करून उभी राहिली, मग चेंडू फेकल्यासारखं केलं. त्या कानडीत मला 'मदुराई' कळलं. सासूबाई पदर तोंडाशी नेऊन ऐकत होत्या. "हौदा?" म्हणाल्या, म्हणजे 'खरं का?', आणि मग माझ्याकडे बघून, तोडक्या मराठीत, "ही? हिनं फेकली?"

"हिनंच," मी म्हणाले. "एवढ्या लांबून."

म्हातारी सुनेकडे बघत राहिली. मग तिनं चुलीजवळचं फडकं उचललं, त्याचा गोळा केला आणि विजयाच्या अंगावर फेकला. विजयानं तो झेलला. दोघी हसायला लागल्या. मी पिशवी उचलली.

विजया ट्रकपर्यंत आली. म्हणाली, "चारला माझ्या ध्यानात ऱ्हाईल. मी मेंढरांकडं असंन, पण ध्यानात ठेवीन."

दुसरा दिवस रविवार. मी जेवले, कपडे धुतले. साडेतीन वाजले तसं मला खोलीत बसवेना. तिकडं माळावर ती सूर्याकडे बघून वेळ काढत असेल. मी कारखान्यामागच्या मैदानावर गेले. तिथं कुणी नव्हतं. रिंगेची जाळी फाटून लोंबत होती. चेंडू स्टोअर्सच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती, पण मी ती आणली नव्हती. मी कडेच्या बाकावर बसले. मॅच जेवढा वेळ चालते तेवढा वेळ बसले, आणि मग उठून घरी आले.